एकही थेंब फरशीवर नको

मंगळवार, ४ मार्च

गाडीचे तेल बदलायची वेळ झाली, एवढेच मी जेवताना म्हणालो. तर चिरंजीवांनी हातातला घास खाली ठेवला! "बाबा, फरशीवर आणखी एक थेंब पडला ना, तर गाडी विकून टाकायची. ठरलं."

सूनबाईची अडचण मला कळते. खाली गाडी उभी असते त्याच जागेत ती दुपारी गाडी बाहेर काढून लहान मुलांना चित्रकला शिकवते. मुले फरशीवरच मांडी घालून बसतात. गेल्या खेपेस फिल्टर, म्हणजे इंजिनाचे तेल गाळणारा तो डबा, माझ्या हातून निसटला. मी सर्व पुसून काढले, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी एका चिमुरडीच्या पांढऱ्या फ्रॉकवर पाठीमागून अखंड भूगोल उमटला! तिची आई घरी येऊन जे बोलली ते रोजनिशीतही लिहिण्याजोगे नाही.

परंतु गाडी विकायची म्हणजे काय? आमच्या हिच्या गुडघ्यांचे काय? चिरंजीवांच्या उंच गाडीत हिला चढता येत नाही. "मला काय बोचकं समजून वर चढवणार?" असे ती मागेच सर्वांसमक्ष बजावून चुकली आहे. माझी गाडी ठेंगणी. दार उघडले की ही सहज बसते. हिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिच्याकडे हिचे जे जाणे-येणे होते ते या गाडीच्या जिवावर. गाडी गेली की ही घरात कोंडली जाईल, आणि तोंडाने कधी बोलणार नाही.

तेव्हा थेंब पडता कामा नये. परमेश्वर आणि जाड पुठ्ठा, दोघांचेही साहाय्य घ्यावे लागेल.

बुधवार, ५ मार्च

चिरंजीव म्हणतात, गॅरेजला टाका. का म्हणून? स्नान, नामस्मरण आणि आपल्या गाडीचे तेल — ही कर्मे दुसऱ्याकडून करवून घेण्याची नव्हेत.

शुक्रवार, ७ मार्च

व्याही आले. सूनबाईचे वडील, निवृत्त भूमिती-शिक्षक. काही दिवस लेकीकडे राहतील. माणूस सज्जन, किंबहुना अतिसज्जन! उंबरठ्यावरच आमचे सुरू झाले. "व्याहीबुवा, आधी आपण." "छे छे, आधी आपण." शेवटी ही आतून ओरडली, "अहो, डास येताहेत! कुणीतरी आत या!"

मग आम्ही दोघेही एकदम शिरलो आणि चौकटीत अडकलो.

शनिवार, ८ मार्च

तयारीचा दिवस. व्याह्यांना संकट सांगितले. ते गंभीर झाले. पट्टी मागितली, पेन्सिल मागितली, गाडीखाली डोकावले. "फिल्टर आडवा बसलाय. तेल सरळ खाली पडणारच नाही, आधी या लोखंडी पट्टीवर येईल, मग तिच्यावरून वाहत भलतीकडेच ठिबकेल. तुमची परात कितीही मोठी असो!"

इतकी वर्षे मी परातीचा आकार वाढवीत राहिलो. दोष उताराचा होता!

मग त्यांनी पुठ्ठा दुमडून एक पन्हळ केली आणि तिला स्वयंपाकघरातल्या चकचकीत कागदाचे अस्तर लावले. हिने आपला कागद ओळखला. "पोळ्या आता तुमच्या सदऱ्यात गुंडाळू का?" असे विचारून गेली, परंतु थोड्या वेळाने जुन्या चादरीही तिनेच आणून दिल्या.

रविवार, ९ मार्च

झाले! सविस्तर लिहितो, कारण असा दिवस वारंवार येत नाही.

सकाळची पूजा आटोपून खाली गेलो. पुढची चाके लाकडी उतारांवर चढवली, मागच्या चाकांना ठोकळे लावले. इंजिन थोडे चालवून बंद केले. तेल कोमट हवे. थंड चिकटते, तापलेले पोळते. खालचे बूच काढून जुने तेल परातीत उतरू दिले. बूच लावले. इथवर फरशी निष्कलंक.

मग फिल्टर. मी उताणा गाडीखाली, व्याही शेजारी उकिडवे, एका हातात पन्हळ, दुसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी. बेत असा होता — फिल्टर किंचित सैल करायचा, पन्हळीतून तेल गळू द्यायचे, गळणे थांबले की पिशवी चढवायची आणि पिशवीतच तो सोडवून घ्यायचा.

सैल केला. धार लागली, परातीत पडू लागली. आनंदाने माझे भान हरपले आणि मनात आले — पन्हळ यांची, बुद्धी यांची. शेवटचा फेरा माझ्या हातून होणे शिष्टाचाराला धरून नाही!

"व्याहीबुवा, शेवटचा मान आपला."

"भलतंच! मुलीकडचे आम्ही. मान आपलाच."

"आपण वयाने वडील."

"अहो, पण गाडी आपली!"

मी हात काढला. त्यांनी नमस्कारासाठी हात जोडले, पन्हळ कलली! ओघळ पट्टीवरून निघाला तो थेट उघड्या फरशीच्या दिशेने. मी उताणा, हतबल. आणि त्या गृहस्थांनी क्षणाचाही विचार न करता आपला शुभ्र, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला हात त्याखाली धरला. सारे तेल बाहीत!

पिशवी चढवून फिल्टर एकदाचा काढला. नवा बसवणार, तोच व्याही म्हणाले, "थांबा. जुन्याची रबरी कडी कुठे आहे?" फिल्टरवर नव्हती! ती इंजिनालाच चिकटून राहिली होती. तिच्यावर दुसरी बसवली असती तर गाडी सुरू होताच सारे नवे तेल बाहेर. देह गळाला तरी वासना चिकटून राहते, हे मी आयुष्यभर इतरांना समजावीत आलो. फिल्टरच्या बाबतीत तपासायचे राहिले!

कडी सोलून काढली, जागा पुसली, नव्या कडीला तेलाचे बोट लावले, हातानेच घट्ट केले. वरून मापाने तेल भरले. इंजिन सुरू केले. दोघेही पालथे पडून पाहत राहिलो. कोरडे!

जुने तेल डब्यात बंद केले; ते तेवढे गॅरेजवाला घेतो. मोरीत ओतणे पाप.

सूनबाई पांढरा रुमाल घेऊन परीक्षेला आली. गुडघ्यांवर बसून साऱ्या फरशीवर फिरवला. रुमाल जसाच्या तसा. मग तिची नजर वडिलांच्या बाहीवर गेली. मला म्हणाली, "बाबा, फरशी पास! आमचे अप्पा नापास!"

चिरंजीव म्हणाले, "बरं. राहू दे गाडी."

मी हिच्याकडे पाहिले. ही पदराने डोळे पुसत होती. "हसून हसून पाणी आलं," म्हणाली. असेल.

सोमवार, १० मार्च

उठल्यावर देवाला नमस्कार करण्यापूर्वी गाडीखाली वाकून आलो. कोरडे. मग देवाची क्षमा मागितली.

मंगळवार, ११ मार्च

दुपारी डोळा लागला होता. आवाजाने जाग आली म्हणून खिडकीशी गेलो. खाली चिरंजीवांची उंच गाडी. वर्गाला आज सुट्टी; सूनबाई चालवायला बसलेली. हिने एका हाताने निऱ्या सावरल्या, पायरीवर पाय ठेवला आणि — ना आधार, ना कण्हणे — करडासारखी टुणकन आत! "चल गं लवकर," म्हणाली, "हे उठायच्या आत परत यायचंय. कळलं तर विकून टाकतील त्यांची लाडकी."

मी पुन्हा जाऊन पडलो. डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी विचारले, "गुडघे कसे आहेत?"

"दुखताहेत हो. तुमची गाडी आहे म्हणून बरं."