पिशवी क्रमांक तेवीस

बेहाला, कोलकाता
रविवार, ७ डिसेंबर

प्रिय बाबा,

वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. आईनं शिकवलं होतं. तुम्ही मला इथे ठेवून नागपूरला गेलात त्या वर्षी मी तुम्हाला चार पत्रं लिहिली, चारही ‘तीर्थरूप बाबांस’ अशी. त्यातली दोन परत आली. लाल शाईनं शुद्धलेखन सुधारलेलं होतं आणि समासात ‘एकूण चुका १७’ आणि ‘एकूण चुका ११’ असं होतं. मला कधी नेणार, हे मी दोन्ही पत्रांत विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यात नव्हतं. तेव्हापासून नववी नापास असलो तरी मी जपून लिहितो. हे पत्रही दोनदा कच्चं लिहून मग उतरवतो आहे.

मी काय काम करतो हे तुम्हाला नीट माहीत नसेल. श्यामलाकाकूंनी ‘गॅरेजात आहे’ एवढंच कळवलं असणार. तुम्ही मला नववी पुन्हा करायला त्यांच्याकडे एका वर्षासाठी ठेवलं होतं, त्याला आता तेरा वर्षं झाली. त्यांच्या गल्लीच्या टोकाला निमाईदांचं गाड्यांच्या गाद्या करायचं दुकान आहे. शाळा सुटली तसा मी तिथे जाऊन बसलो आणि तिथलाच झालो. जुन्या गाड्यांची आतली सजावट, म्हणजे गाद्या, दारांची अस्तरं, कापडी छप्पर, हे आता माझं काम. त्यात माझं नाव बरं आहे. निमाईदा सगळ्यांना सांगतात की हा मराठी मुलगा गादी करत नाही, पोस्टमॉर्टेम करतो.

बालीगंजच्या चारुदत्तकाकांची उघड्या छपराची मॉरिस तुम्हाला आठवत असेल. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काका मुलांना तिच्यातून फिरवून आणायचे. मी सात वर्षांचा होतो. तुम्ही मला मागे बसवलंत, धाकट्या अथर्वला माझ्या मांडीवर दिलंत आणि बजावलंत की बूट गादीला लागता कामा नयेत. मी सबंध वेळ पाय अधांतरी धरून बसलो. रस्ता कुठला होता ते आठवत नाही, पोटऱ्या दुखलेल्या आठवतात. पुढच्या गादीवर काका कुणालाच बसू देत नसत. तिथे त्यांचा ऋषभ असायचा, कॉलेजात जाणारा. आम्ही यायच्या आधी तो बसलेला असायचा आणि आम्ही सगळे उतरलो तरी तो उतरायचा नाही. आम्ही पोरं त्याला ‘महाराज’ म्हणायचो. तो का उतरत नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ऋषभच्या आईच्या, काकूंच्या आजारपणात ती गाडी बंद झाली आणि दहा वर्षं ताडपत्रीखाली राहिली. या जूनमध्ये काका दुकानात आले. मला बघत उभे राहिले आणि म्हणाले, “देवस्थळींचा थोरला ना तू?” मला थोरला म्हणणारं बऱ्याच वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. मी मान हलवली आणि लगेच गाडीबद्दल विचारायला लागलो, कारण ते पुढे तुमच्याबद्दल विचारतील अशी भीती वाटली.

गाडीची दशा वाईट होती. इथल्या दमट हवेत दारांच्या आतले पुठ्ठे फुगून पापडासारखे झाले होते. चामड्यावर बुरशी होती आणि आतल्या काथ्याचा भुगा. माझी पद्धत अशी, की काही फाडायचं नाही. जुना टाका उसवायचा, प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत घालायचा, पिशवीवर क्रमांक आणि काय आहे ते लिहायचं, आणि गाडी मालकाच्या हाती जाईपर्यंत एक बारीक खिळासुद्धा टाकायचा नाही. अशा एकेचाळीस पिशव्या झाल्या. टांगऱ्याच्या कातडीबाजारातून जुन्याच्या जवळ जाणारं तांबडं चामडं आणलं. जुन्या चामड्यावरची सुईची भोकं मोजली, इंचाला सात टाके होते, मीही सातच घातले. मागच्या गादीच्या कडेचा गोट अर्ध्या सुतानं सरकला म्हणून तीनदा उसवला. निमाईदा म्हणाले, हे कुणाला दिसणार आहे. मला दिसतं, मी म्हटलं.

पुढची डावी गादी उघडली तेव्हा चामड्याखाली नमद्याचे पाच थर निघाले, जाड लोकरीचे, एकावर एक आणि सगळे डाव्याच अंगाला. टाके हौशी माणसाचे, वेडेवाकडे. प्रत्येक थरावर पेन्सिलीनं साल होतं: १९९२, १९९५, १९९८, २००१, २००४. अंक देवनागरी होते. इथला मिस्त्री बंगालीत आकडे घालतो, तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, कुणी बिहारी कारागीर असेल, दर वेळी खचलेल्या जागी ठिगळ लावून गेला असेल. पाणसळ ठेवून बघितली, डावी बाजू सव्वा इंच उंच होती. तुम्ही अभ्यासाला बसवायचात तेव्हा पाठीला फूटपट्टी लावून ‘सरळ बस’ म्हणायचात. वाकडं दिसलं की माझे हात आपोआप तिकडे जातात. मी पाचही थर काढले आणि नवा काथ्या भरून गादी अशी केली, की पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये थांबला. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

दोन आठवड्यांपूर्वी गाडी पोहोचवली. काकांनी आणि वॉचमननं दोन्ही बाजूंनी धरून ऋषभला खाली आणलं. तो आता चाळिशीला आला आहे. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा उभं पाहिलं. त्याची पाठ लहानपणापासून डावीकडे वाकत गेलेली आहे. त्याला गादीवर बसवलं आणि तो हळूहळू डावीकडे घसरत दारावर जाऊन टेकला. त्यानं समोरचा डॅशबोर्ड धरून ठेवला होता, तरीही घसरला. मग माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “गादी अगदी सरळ केलीस रे. आता मलाही करून टाक.”

काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “आत काही तुकडे होते. टाकलेस?”

मी काहीच टाकत नाही, असं मी सांगितलं, आणि बाबा, त्या क्षणीसुद्धा मला त्याचा थोडा अभिमान वाटला. सगळ्या पिशव्या डिकीत होत्या. मी तेवीस क्रमांकाची काढून दिली. तिच्यावर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पुढची डावी गादी. नमदा, थर पाच. निरुपयोगी.’ काकांनी चष्मा लावून ते वाचलं. थर बाहेर काढून एकेक साल बघितलं. मग म्हणाले की गाडीचं बाकी सगळं मिस्त्र्यांनी केलं, एवढं मात्र त्यांनी स्वतः केलं होतं. मुलगा जसा वाकत गेला, तशी दर तीन वर्षांनी ते गादी उघडत गेले. काकू म्हणायच्या की जरा कापसाची उशी द्या त्याला. पण उशी लोकांना दिसते, असं काकांचं म्हणणं होतं. चामड्याच्या आतलं कुणाला दिसत नाही.

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. तिसऱ्या दिवशी मी बालीगंजला जाऊन ऋषभला फळीवर बसवलं आणि त्याच्याखाली नमद्याच्या पट्ट्या एकेक सरकवत गेलो. पाणसळ या वेळी गादीवर नाही, त्याच्या खांद्यांवर धरली. बुडबुडा मध्ये यायला सहा थर लागले. ऋषभ ओरडून काकांना म्हणाला की तुम्ही एक थर मागे राहिलात. जुन्या पाच थरांचा हातात भुगा होत होता, म्हणून त्यांच्या मापाचे नवे कापले आणि सहाव्यावर काकांकडून पेन्सिलीनं २०२५ लिहून घेतलं. पिशवीवरचा शेवटचा शब्द मी खोडून टाकला.

आज सकाळी छप्पर उघडून आम्ही फिरून आलो. काका चालवत होते, ऋषभ शेजारी, मी मागे. ऋषभ सबंध वाट सरळ बसला होता आणि भेटेल त्या दुकानदाराला बंगालीत हाका मारत होता. मी पाय खाली टेकवले होते. आजवर इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं आणि मला बरं वाटायला हवं होतं. पण आपल्या मुलाच्या वाकड्या पाठीसाठी पाच वेळा गादी उसवणाऱ्या माणसाच्या मागे बसून बरं वाटायला, मी वेगळा मुलगा असायला हवा होतो.

घरी आल्यावर काकांनी वर जाऊन एक पाकीट आणलं. “ही तुझ्याकडे आली का?” म्हणाले. अथर्वच्या लग्नाची पत्रिका होती. ती येऊन चार दिवस झाले होते, पण त्यांनी मला दाखवली नव्हती. ‘आमचे एकुलते एक चिरंजीव अथर्व’ असं तिच्यात आहे. मला वाटलं, छापखान्याची चूक असेल, म्हणून मी ती सवयीनं तीनदा तपासली. वेलांट्या, उकार, तिथी, कार्यालयाचा पत्ता, सगळं बरोबर आहे. लाल पेन फिरवल्याशिवाय तुम्ही ती छापायला दिली नसणार. म्हणजे तो शब्दही तुमच्या नजरेखालून गेला आणि राहिला. काका म्हणाले, “प्रमोदला फोन करून विचारणार होतो. मग म्हटलं, विचारायचं ते तू विचार.” म्हणून हे पत्र. मी लग्नाला येणार नाही आणि मुलीकडच्यांना माझ्याकडून काही कळणार नाही, ती काळजी करू नका. पत्रिका सोबत परत पाठवतो आहे, तिच्यावर मी एकही खूण केलेली नाही. मला एवढंच विचारायचं आहे. तुम्ही निघालात त्या दिवशी हावड्याला अथर्व खिडकीचे गज धरून ‘दादा, सुट्टीत येशील ना’ असं गाडी हलेपर्यंत विचारत होता. तेरा वर्षांचा होता, विसरला नसणार. माझं काय झालं म्हणून सांगितलंत त्याला? या पत्रात चुका सापडल्या तर राहू द्या. या वेळी उत्तर लिहा.

तुमचाच थोरला,
उन्मेष