दादाला नीट दिसावं म्हणून

आये, तुझ्या मुलाला मी कॉम्प्युटर नेऊन दिला. नवा नाही, माझ्या सुनेच्या ऑफिसातला जुना. तिचं ऑफिस पवईला. तिथे सगळ्यांना नवीन आले, तेव्हा जुने ज्याला हवे त्याने घरी न्या म्हणून सांगितलं. कॉम्प्युटर म्हणजे काय ते तुला समजावत बसत नाही. टीव्हीसारखा असतो आणि परदेशातलं माणूस त्यात समोर बसल्यासारखं दिसतं, एवढं तुला पुरे. तू गेलीस तेव्हा वाकोल्याच्या आपल्या चाळीत टीव्ही एकाच घरात होता आणि तो बघायला आपण दारात उभं राहायचो. मी अजून वाकोल्यातच आहे. दादा बोरिवलीला, मोठ्या फ्लॅटमध्ये, एकटा. वहिनी गेली. मुलगा कॅनडात.

दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाइलवर मुलाचं तोंड त्याला डाग पडल्यासारखं दिसायचं. ऑपरेशन कर म्हटलं की नवीन कारण. पिकू दे, थंडी पडू दे, पोराला सुट्टी मिळू दे. मुलगा आला की करू, हे शेवटचं आणि पक्कं. खरं म्हणजे घाबरतो. लहानपणी शाळेत सुया टोचायला यायचे तेव्हा तू माझा दंड पुढे करायचीस. आधी हिला द्या, म्हणजे तो बघेल की दुखत नाही. मी ओठ आवळून उभी, कारण रडले तर घरी गेल्यावर तुझा हात होताच. एका वर्षी मला आधीच टोचून झालं होतं. तरी तू पुन्हा पुढे केलंस. त्याने बघितलं नव्हतं ना.

तर भाऊबीजेला आम्ही कॉम्प्युटर घेऊन गेलो, सून आणि मी, गाडी करून, स्क्रीन माझ्या मांडीवर आणि डबा पायाशी. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. ऑफिसात साहेब होता तो, त्याला वाटलं होतं खोक्यातून काढतील, थर्माकोल निघेल. त्याने जवळ जाऊन सगळं हातांनी चाचपलं. की-बोर्डवरची अक्षरं पुसलेली, मागे ऑफिसचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात कुणा बाईने लावून ठेवलेली लाल टिकली. ती त्याच्या बोटाला लागली. हे कुणाचं कुंकू घेऊन आलात, म्हणाला. मग कॉम्प्युटरचं तोंड पूर्वेलाच पाहिजे म्हणून हटून बसला. माझी सून वायरी सोडवत जमिनीवर बसली होती, ती म्हणाली, "मामा, देवाचं तोंड पूर्वेला आणि प्लगचं तोंड पश्चिमेला. कुणाचं ऐकू?" त्याने प्लगचं ऐकलं. मी तोंड उघडलं तशी ती मला म्हणाली, "आई, तुम्ही पाच मिनिटं काही बोलू नका, मला पासवर्ड टाकू दे." ही सून मी स्वतः निवडली नाही, पण निवडली असती.

कॉम्प्युटर चालू झाला. मी दादाला ओवाळलं. ताटात त्याने वहिनीची नेसलेली साडी ठेवली. पिशवी तरी बदलायची. तीच जुनी दुकानाची पिशवी, त्यात वहिनीच्या पावडरचा वास. वर म्हणतो, आता त्यालाही ओवाळ, चांगला चालू दे. आणि मी कॉम्प्युटरलाही ओवाळलं, आये. तिसरीतून काढून पार्ल्याच्या घरांत माझ्याकडून भांडी घासून घेताना तू म्हणायचीस, "तुका शिकान काय करूचा आसा? भाव शिकलो की तुका बघतलो." बघ, बघतोय.

मग कॅनडाला फोन लावला, मुलगा लागला. सून सांगत होती की कॅमेरा वर असतो, त्यामुळे समोरचं माणूस जरा खाली बघतंय असं वाटतं, त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. पण हा खाली बघत नव्हता. हा बाजूला बघत होता. केवढं मोठं तोंड त्याचं, ताटाएवढं, आणि चष्म्याच्या काचांत दुसरंच काहीतरी रंगीत हलत होतं. ते रंग गालांवर पण पडत होते. खांदा हलत होता, म्हणजे हातसुद्धा कामात. दादा मात्र खुर्चीच्या टोकाला येऊन विचारत होता, ऑपरेशनला येशील ना रे, चार दिवस तरी, मला एकट्याला भीती वाटते. हे शब्द त्याने जन्मात कुणाला ऐकवले नसतील. मुलगा म्हणाला, "हो बाबा, बघतो, जमवतो." आणि त्याची नजर तिकडेच.

ती नजर मी पाहिलेली आहे. मी लहान असताना पेजेचं टोप उतरवताना हातावर पेज सांडली. तू तांदूळ निवडत बसली होतीस. मी भाजलेला हात तुझ्यापुढे धरून सांगत होते आणि तू माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होतीस, दादा शाळेतून आला का. मधेच म्हणालीस, जरा बाजूला हो, अंधार येतोय. हाताचं पुढे काय झालं ते माझं मलाच माहीत. डाग आहे अजून.

फोन संपल्यावर दादा खुर्चीत मागे टेकला. "बघितलंस? कसा एकटक बघत होता माझ्याकडे." सुनेने त्याच्या मागून मला डोळे वटारले. आणि मी गप्प बसले. येताना गाडीत ती म्हणाली, "आई, आज तुम्ही मामांवर उपकार केलेत." मी म्हटलं, उपकार करायची मला सवय नाही.

पुढच्या आठवड्यात मी दादाला डॉक्टरकडे नेलं. पोराची वाट बघायची तर बघ, पण तो येईल तेव्हा त्याचं तोंड दिसायला नको का, असं म्हटलं आणि तो तयार झाला. मुलगा अर्थातच आला नाही, त्याचं काहीतरी अडलं. ऑपरेशनच्या दिवशी सुई घेऊन नर्स आली तेव्हा दादाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दंड पुढे केला नाही. एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं नंतर, असं असतं ते. काळा चष्मा लावून त्याला घरी आणलं, डोळ्यांत थेंब घातले, डोक्यावरून पाणी घेऊ दिलं नाही, मऊ भात केला. शेजारीण बघायला आली. बहीण असावी तर अशी, म्हणाली. मी म्हटलं, कुणालाही नसावी. ती हसली, तिला वाटलं मी लाजले. तूही असतीस तर सगळ्यांना सांगत फिरली असतीस, भावाचं केलंन हो. तर ऐकून ठेव. त्याच्यासाठी नाही केलं. त्याला नीट दिसावं म्हणून केलं.

काळा चष्मा निघाला त्या रविवारी मी मुद्दाम गेले. दादा कॉम्प्युटरपुढे बसला, मी बाजूला, स्क्रीनकडे नाही, त्याच्याकडे तोंड करून. मुलगा लागला. सुरुवातीला दादा नुसता हसत होता, अरे, तुझे केस पिकले, म्हणत होता. मग ऑपरेशनचं सांगायला लागला, कसा दिवा डोळ्यावर मारला, कसं काही कळलं नाही. सांगता सांगता हळू झाला. पुढे वाकला. आणि बोलायचा थांबला. तिकडून आवाज आला, "हं." दादा गप्पच. परत, "हं... हं." पंखा फिरतोय, खाली भंगारवाला ओरडतोय, दादा तोंड मिटून बसलाय आणि त्याचा मुलगा त्याला हं म्हणतोय. मला हसू आलं. दाबायला पदर तोंडाला लावला. शेवटी मुलगा म्हणाला, चला बाबा, ठेवतो, पुढच्या रविवारी बोलू, बरं वाटलं.

दादाने सुनेने सांगितलं होतं तसं बंद केलं नाही, सरळ भिंतीवरचं बटण दाबलं. मग माझ्याकडे वळला.

"हे दाखवायलाच नेलंस ना मला?"

"हो."

"आये असती तर तिने हे दाखवलं नसतं."

"आये असती तर तुला दिसूच दिलं नसतं."

मी चहा ठेवला. साखर किती, म्हणून विचारलं तर म्हणाला, तुझ्या मनाने घाल. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा.

दुसऱ्या डोळ्याची तारीख डॉक्टरने देऊन ठेवली होती. दादा म्हणाला, राहू दे, एकाने भागतंय. मी म्हटलं, घाबरलास? म्हणाला, हो. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले तर दार नुसतं लोटलेलं. आतून त्याच्या बोलण्याचा आवाज. तो खुर्चीत बसला होता, मुलगा समोर होता, आणि दादाने ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर तळहात ठेवला होता. कुणाला वाटेल डोळ्याला जपतोय. दुसऱ्या, धुरकट डोळ्याने त्या मोठ्या तोंडाकडे बघत तो सांगत होता, लिफ्ट बंद आहे, पापलेट महागलंय, बाई दोन दिवस आली नाही. आणि हसत होता. अगदी भाऊबीजेला हसला होता तसा.

मी त्याच्या खुर्चीपर्यंत गेले, आये, तो हात खाली ओढायला. त्याने मागे न बघता पायाने स्टूल सरकवलं आणि म्हणाला, "बस. बोल त्याच्याशी." मुलाला म्हणाला, आत्या आलीय बघ. मुलाने बघितलं नाही. म्हणाला, हं, बोल ना आत्या.

मी बसले. पहिल्यांदा गुडघ्यांचं सांगितलं. मग आमच्याकडे पाणी कसं येत नाही ते. मग सुनेचं, माझ्या मुलाचं, माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांचं, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. चष्म्यात त्याचे रंग हलत होते आणि तो हं म्हणत होता. दादाचा हात डोळ्यावर तसाच. हे तुला पोचण्यातलं नाही. पोचणार असतं तर लिहिलंच नसतं, तुझी भीती मला अजून आहे. म्हणून सांगते. तो ऐकत नाही हे मला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं, आणि मला तिथून उठवेना.