लंगडीची दोन वर्षं

बाई, पोरीला थांबवणं कुठं संपतं आणि अडवणं कुठं सुरू होतं, हे तुम्हाला कसं कळायचं? मी पदवी घेतली, घरातली पहिली. शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रमही केला. पण याचं उत्तर मला येत नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी विचारावं असं दुसरं कुणी सुचत नाही.

मेढ्याच्या शाळेत सातवीला असताना मी मुलांनाही मागं टाकायची, आणि तुम्ही मला शर्यतीत उतरवायचं सोडून लंगडी घालायला लावलीत. आधी उजवा पाय, मग डावा. पदर खोचून तुम्ही स्वतः आमच्या मागं लागायचात. तुमचा दुसरा पाय टेकला की सगळ्या पोरी एकदम ओरडायच्या. दर महिन्याला व्हरांड्याच्या खांबाला उभं करून डोक्यापाशी कोळशाची रेघ ओढायचात. वर्ष गेलं, तरी मी आपली वाट बघत होते, खरा सराव कधी सुरू होणार याची. वडिलांचा धीर तर आधीच सुटला. भातखाचरातून तसेच चिखलाच्या पायांनी ते शाळेत आले. "आवं बाई, माझी पोर वाऱ्यागत पळती, आन् तुमी तिला एका पायावं नाचवताय व्हय?" तुम्ही विचारलंत, "दादा, तुमचा तो तांबडा खोंड औताला कवा जुंपणार?" वडील म्हणाले, "त्यो? अजून दुधाचं दात हायती त्याचं. आत्ता जुंपला तर खांदा जाईल की!" "मग पोरीला खोंडाएवढी तरी सवड द्या." वडील हसायलाच लागले. घरी येऊन आईला म्हणाले, "बाई लय तिखट हाय. पन बैलातलं कळतंय तिला."

मग नववीत, साताऱ्याच्या मैदानावर, चारशे मीटर. शेवटचं वळण आहे, बाकीच्यांचे पाय जड झालेत, आणि माझ्या पायांना अजून पळायचंच आहे. मी पळता पळता हसते आहे. पहिली येऊन तुमच्याकडे धावते, तर तुम्ही म्हणता, "हसतीस काय! चालत ऱ्हा, एकदम बसू नको." पुढं कॉलेजात, शब्दकोश शेजारी ठेवून वाढत्या मुलांच्या सरावावरचं इंग्रजी पुस्तक वाचताना मला कळलं की तुमची लंगडी आणि तुमच्या रेघा त्यात छापलेल्या आहेत, आकृत्यांसकट. वाचनालयात मी मोठ्यानं हसले होते.

आता मी माधवनगरच्या शाळेत शिकवते. गिरणी कामगाराची एक मुलगी आहे, तेरा वर्षांची, यंदा भसाभस उंच झालेली. मुख्याध्यापक म्हणाले, "तिला मोठ्या गटात तीन हजार मीटरला उतरवा. तिच्यापुढं कुणी टिकत नाही, ढाल आपलीच." माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, गरजही नव्हती. मी नको म्हणते आहे हे मुलीच्या कानावर गेलं. ती तडक माझ्यापुढं येऊन उभी. "बाई, मी जिकीन की वो! मला का अडिवताय?" बोलता बोलता हात गुडघ्यावर. "दुखतोय?" "न्हाई!" इतक्या झटक्यात म्हणाली की आम्हा दोघींनाही हसू फुटलं. मग हळूच म्हणाली, "जिना उतरताना दुखतोय. पन थोडाच."

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. काल स्पर्धेचा प्रवेशअर्ज भरला. तिचं नाव तिच्याच गटात, फक्त शंभर मीटरला. मुख्याध्यापकांनी वाचला, माझ्याकडं सरकवला. "जबाबदारी तुमची. तुम्हीच सही करा. खात्री आहे ना?" मी हो म्हणाले. नव्हती, बाई. तरी सही केली, आणि सायकलवरून सांगलीला जाऊन अर्ज देऊन आले.