बाबा थकतात

दादा,

सकाळी फोनवर तू विचारलंस, "बाबांचं बोलणं अडलंय कुठे?" मी म्हटलं, बघते. बघायचं काय, मीच अडवलंय. हे पत्र मी टाकेन असं वाटत नाही, म्हणूनच खरं लिहितेय.

मेंदूच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली, तेव्हा थेरपीच्या बाईंनी रोज तीन तास सराव सांगितला होता. चित्र मी दाखवायचं आणि नाव येईपर्यंत गप्प बसायचं. एका चमच्यासाठी वीस मिनिटं! पण शब्द येत होते रे. महिन्यापूर्वी मी बाईंना सांगितलं, "बाबा थकतात." त्यांनी सराव एका तासावर आणला. बाबा समोरच बसले होते. त्यांना सगळं कळतं, फक्त बोलून खोडून काढता येत नाही.

थकले होते मी.

आज बाईंनी थेट त्यांनाच विचारलं, "काका, खरंच थकता का?" बाबांनी नुसती नाही म्हणून मान हलवली असती, तरी मी उघडी पडले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ जुळवले, चुकले, पुन्हा जुळवले. महिन्याभरात पहिल्यांदा नवा शब्द आला.

"थकतो."

बाई गेल्या, तसा त्यांनी चित्रांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

तुझी खोटारडी,
चिमी