भुजंगला मागे का उभं केलं

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

जालना, श्रावण शुद्ध १४, शके १८५९

चिरंजीव रामकिसन यास दुर्गाअक्काचे आशीर्वाद. वि. वि. इकडील सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खुशाल काही नाही. कार्डावर राग मावायचा नाही म्हणून पाकीट घेतलं. त्याचा खर्चा तुझ्या नावावर मांडून ठेवलाय.

काल आपले कापडवाले अमरचंदशेठ हैदराबादहून माल घेऊन आले. रंगूनच्या संघाशी झालेला तुमचा सामना त्यांनी सिकंदराबादेत स्वतः पाहिला. आमच्या ओट्यावर बसून, आमच्याच चहात दोनदा साखर घालून घेत त्यांनी अख्ख्या आळीला ऐकवलं की संस्थानचा संघ दोन-एकने जिंकला, दोन्ही गोल धर्मराजचे, आणि कारखान्याच्या साहेबांनी धर्मराजच्या गळ्यात हार घातला. मी विचारलं, आमचा भुजंग कुठे होता. तर म्हणाले, त्याला कप्तानाने अर्ध्या खेळातून उचलून मागे नेऊन उभा केला, वेशीवरच्या म्हसोबासारखा. सगळे हसले. कप्तान कोण, हे सांगायची त्यांना गरज पडली नाही. कप्तान माझा सख्खा भाऊ आहे हे आळीला ठाऊक आहे.

रामकिसन, मला फुटबॉल कळत नाही. पण हरेल तो घरी, असे हे ढालीचे सामने आहेत, आणि ते बघूनच साहेब कारखान्यात एकाला नोकरीवर कायम करणार आहेत, हे तूच मला लिहिलं होतंस. जागा एक आणि माणसं दोन, आपला भुजंग आणि तो धर्मराज. आधीच्या सामन्यांत भुजंगने तीन गोल केले, हेही तूच कळवलंस. अंबडचे रामराव त्या जागेकडे बघूनच मुलगी द्यायला थांबलेत. एवढं सगळं ठाऊक असून, साहेब खुर्ची टाकून बसलेले असताना, तू भुजंगला मागे नेलंस आणि पुढची वाट धर्मराजला मोकळी करून दिलीस. धर्मराज तुझ्याच खोलीत राहतो ना? तुझ्याच चुलीवर जेवतो ना?

सासूबाई गेल्या तेव्हा हा माझा दीर तीन वर्षांचा होता. मी त्याला मांडीवर घेऊन भरवलंय. काल जेवताना ह्यांच्या आत्याबाई, झुंबरबाई, सगळ्यांसमोर म्हणाल्या की पोरगं सुनेच्या माहेरी सोपवलं की असंच व्हायचं. ह्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. मी उठून पुढची भाकरी थापायला घेतली.

देवाकडचं काम मी चोख केलंय. भुजंगच्या नावाने विठोबाला नवस बोलून ठेवलाय. सामना नेमका एकादशीला आला तेव्हा मला वाटलं, देवानेच दिवस निवडला. तुम्ही जिंकलात, म्हणजे देवाने त्याच्याकडचं केलं. तुझ्याकडचं तू केलं नाहीस. का, ते बराबर लिहून कळव. नुसते नमस्कार धाडू नको.

लोभ होता तिथेच आहे, पण सध्या राग त्याच्या पुढे उभा आहे.

तुझी दुर्गाअक्का

* * *

सिकंदराबाद, श्रावण वद्य २

तीर्थस्वरूप सौ. अक्कास रामकिसनचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पाकीट पोचलं, चटका बसला. आता माझंही ऐकून घे. अमरचंदशेठ दोरीपाशी उभे राहून सामना बघत होते की फुटाणेवाल्याशी भाव करत होते, मला माहीत नाही. पण त्यांनी अर्धंच पाहिलं.

रंगूनवाले गेल्या सालापर्यंत आपल्यातलेच होते. यंदा ब्रह्मदेश वेगळा झाला म्हणून परदेशी होऊन आले. त्यांच्या पायात बूट, आम्ही अनवाणी, आणि मैदानाच्या मधोमध चिखल. त्यांचा एक पुढचा गडी ताडासारखा उंच. ते चेंडू जमिनीवर ठेवतच नव्हते. कडेने वर उडवायचे, आणि हा ताड आमच्या दोन्ही बॅकच्या वरून डोकं मारायचा. एक गोल त्याने तसाच घातला, दुसरा खांबाला लागला म्हणून वाचलो. आमचे पाच जण पुढे, आणि पाचही चिखलात रुतलेले. मध्यांतराला आम्ही एकने मागे होतो. तसंच चालू राहिलं असतं तर ढालही गेली असती आणि साहेबही उठून गेले असते. मग ना धर्मराज, ना भुजंग.

म्हणून मी बदल केला. त्या ताडाच्या खांद्याला लागेल असा आमच्यात एकटा भुजंग. त्याला दोन बॅकच्या मध्ये उभं केलं आणि सांगितलं, चेंडूचं विसर, हा माणूस सोडू नको, तो उडाला की तू उड. धर्मराज बुटका, पण पायाचा चपळ. त्याला म्हटलं, मधला चिखल सोड, कडेच्या चिंचेच्या झाडाच्या बाजूने जा, तिथली जमीन घट्ट आहे, आणि चेंडू जमिनीवरूनच ने. रंगूनवाले काही भोळे नव्हते. त्यांनी ताडाला डाव्या कडेला नेलं, तर भुजंग त्याच्यामागे गेला. मग त्यांनी आपला एक मागचा गडी पुढे धाडला. त्याला अडवायला मी स्वतः मागे आलो. पण त्यांनी जिथून माणूस काढला तिथेच फट पडली, आणि धर्मराज तीतून दोनदा गेला. दुसरा गोल झाला तेव्हा शिट्टी पंचाच्या तोंडातच होती. उत्तरार्धात त्या ताडाला एकदाही चेंडूला डोकं लावता आलं नाही. सामना भुजंगने जिंकला. पण असं जिंकणं लांबून दिसत नाही, आणि साहेब लांब बसले होते.

तू तरी वेगळं काय करतेस? पंगतीला माणसं वाढली की आमटीत पाणी घालतेस, आणि सगळ्यांत खट पाहुण्याशेजारी दाजींना गप्पा मारायला बसवतेस, म्हणजे त्याचं लक्ष वाटीकडे जात नाही. तेव्हा कुणी दाजींना विचारतं का, की तुम्ही वाढायला का नव्हता?

धर्मराजविषयी लिहिलंस ते लागलं. तो माझ्या चुलीवर जेवतो हे खरं आहे. भुजंगही तिथेच जेवतो. भुजंगला मागे नेण्याचं आणखी एक कारण होतं, ते माझ्यापाशीच राहू दे. अंतिम सामना कोलंबोच्या संघाशी, वद्य एकादशीला आहे. त्याला पुढे खेळवायचं माझ्या मनात आहे. फक्त तो पायावर उभा राहिला पाहिजे, एवढीच काळजी आहे.

नवीन राग धाडण्याआधी हा उतरू द्यावा, ही विनंती. भाच्यांना जवळ घेतल्याचं सांगावं.

तुझा रामकिसन

* * *

जालना, श्रावण वद्य ४

चिरंजीव भुजंग यास वहिनीचे आशीर्वाद. वि. वि. रामकिसनचं पत्र आलं. ताड, चिखल, चिंच, सगळं समजलं. पण तो लिहितो की तुला मागे नेण्याचं आणखी एक कारण होतं आणि ते त्याच्यापाशीच राहू दे. वर लिहितो, तू पायावर उभा राहिला पाहिजे. जो माणूस पायावर उभा राहत नाही तो कुठून आलेला असतो, हे मला कुणी शिकवायला नको. कारखान्यातल्यांच्या नादाने शिंदी प्यायला लागलास का? ह्यांना अजून दाखवलेलं नाही. झुंबरबाईंना तर बिलकुल नाही.

हो की नाही, एका ओळीत कळव. गोल गोल लिहिलंस तर मी पुढच्या गाडीने निघेन, आणि माझ्या तिकिटाचा खर्चा तुलाच द्यावा लागेल.

मायेत खंड नाही, पण उत्तर येईपर्यंत झोपही नाही.

तुझी वहिनी

* * *

सिकंदराबाद, श्रावण वद्य ६

तीर्थस्वरूप सौ. वहिनीस भुजंगचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. न्हाई. ही तुमची एक ओळ झाली. आता पुढचं रागाने लिहून राह्यलोय, लहान तोंडी मोठा घास होईल, त्याची क्षमा असावी.

शिंदी सोडा, त्या दिवशी मी पाणीसुद्धा प्यालो नव्हतो. नोकरी कायम होईपर्यंत दर एकादशी निर्जळ धरायची, तसा नवस तुझ्या नावाने बोललाय, असं तुम्हीच आषाढात लिहिलं होतं. मी बराबर धरून राह्यलो. आधीचे सामने एकादशीला आले नव्हते. हा आला. सकाळभर भट्टीपाशी काम केलं आणि तिथून मैदानात गेलो. सुरुवातीला ठीक होतो. मंग चेंडू समोर होता, गोल मोकळा होता, आणि मी लाथ मारली ती हवेत. मला दोन चेंडू दिसून राह्यले होते.

मध्यांतरात सगळ्यांना मोसंबीच्या फोडी दिल्या. मी माझी धर्मराजच्या हातावर ठेवली, ते रामकिसनभाऊंनी पाहिलं. त्यांनी मला तिथी विचारली, मी सांगितली. त्यांनी असं पाहिलं की त्यापेक्षा दोन थापडा परवडल्या असत्या. मंग सगळ्यांना मोठ्याने म्हणाले की भुजंग उंच आहे, तो मागे राहून ताडाला धरील. तिथे धावावं लागत न्हाई, नुसतं उभं राहून उडावं लागतं, म्हणून त्यांनी मला तिथे ठेवलं. उंचीचं त्यांना मागून सुचलं. पण ते लागू पडलं. ह्यातलं अक्काला काही कळू देऊ नको, ती जन्मभर मनाला लावून घेईल, असं त्यांनी मला बजावलं होतं. तुम्ही शिंदीचं नाव काढलं नसतं तर मी बोललोच नसतो.

कारखान्यात पोरं विचारतात की भुजंगा, तुझं गोलाशी भांडण झालंय का. धर्मराज माणूस सरळ आहे. तो स्वतःहून साहेबांकडे गेला आणि म्हणाला, भुजंगने मागे धरलं म्हणून माझे गोल झाले. साहेब म्हणाले, अंतिम सामना होऊ द्या, मंग बघू.

तो पुन्हा एकादशीलाच आहे. रामकिसनभाऊ म्हणतात, पोटभर जेव, विठोबा काय सिकंदराबादेत तिकीट काढून बघायला येणार आहे का. त्यावरून आमचं वाजलं. एका चुलीवर जेवतो, पण बोलत न्हाई. वहिनी, नवस तुम्ही बोललात. तुम्ही सोडवलात तरच मी पाणी पिईन. न्हाईतर निर्जळ खेळीन, मंग मला पुढे ठेवोत की मागे.

जल्दी उत्तर यावं. माझ्या बोलण्याने लोभात उणं येऊ देऊ नये.

तुमचा भुजंग

* * *

जालना, श्रावण वद्य ८

चिरंजीव भुजंग यास वहिनीचे आशीर्वाद. वि. वि. शिंदीचं लिहिलं ते मागे घेते. राग मात्र मागे घेत नाही, तो वाढलाय.

लहानपणी भूक लागली की आळी डोक्यावर घ्यायचास, आणि आता तोंड शिवून मैदानात उतरतोस. भट्टीपाशी काम करून वर धावावं लागतं, हे एका कार्डावर लिहिता आलं नसतं? मला वाटायचं फुटबॉल म्हणजे पोरं संध्याकाळी नदीकाठी खेळतात तेवढंच. आणि रामकिसनने माझ्या शिव्या गप खाल्ल्या, धर्मराजवरून बोलले तेही सोसलं. हा मोठेपणा त्याला कुणी शिकवला? मी कशाने मोडते आणि कशाने नाही, हे माझं मी ठरवीन. तुझं पत्र काल झुंबरबाईंना वाचून दाखवलं. त्या नवसावर बोलल्या, माझ्या माहेरावर काही बोलल्या नाहीत.

नवस बोललं ते तोंड माझं होतं, आणि गहाण टाकलं तुझं पोट, तेही तुला न विचारता. देवळातल्या बुवांना विचारलं. ते म्हणाले, ज्याच्या नावाचा नवस त्यानेच फेडायचा, मध्येच मोडला तर उलटतो. झुंबरबाईही तेच धरून बसल्यात. मी बुवांना म्हटलं, उलटायचाच असेल तर इथे जालन्यात माझ्या अंगावर उलटू दे, घर देवाला माहीत आहे. मग हातात पाणी घेऊन देवासमोर सांगितलं की इथून पुढे भुजंगच्या एकादश्या मी करणार. माझी एकादशी फराळाची असायची, ती आता निर्जळ होईल. विठोबाला हे पटलं की नाही, मला माहीत नाही. त्याच्यावरही माझा थोडा राग आहे, आणि तो त्याला सांगून झालाय.

तू त्या दिवशी जेवायचं. साबुदाणा नाही, रताळं नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि वर तूप, कामावर जायच्या आधी. तूप रामकिसनने आणावं आणि हात आखडू नये. आमटीत पाणी घालणारी मी हे लिहून राह्यले, म्हणजे दोघांनी समजून घ्या. मध्यांतरात फोड मिळाली तर स्वतः खायची. धर्मराजला त्याची मिळेल. त्याच्याविषयी मी वाईट लिहिलं होतं, तर पुढच्या वेळी तुझ्याबरोबर त्यालाही जेवायला घेऊन ये.

हे पत्र रामकिसनला वाचायला दे आणि आजच्या आज बोलायला लाग. तुला पुढे ठेवायचं की मागे, हे त्याने मैदान बघून ठरवावं. मी त्यात पडत नाही. लांबून दिसत नसेल तर साहेबांनी खुर्ची जवळ ओढावी. अंबडच्या रामरावांना ह्यांनी निरोप धाडलाय की थांबायचं तर जागेसाठी नको, मुलासाठी थांबा. अजून उत्तर नाही.

एवढं ध्यानात ठेव. पोटभर जेवून हरलास तर कायम हो न हो, सरळ घरी ये, कुणी एक शब्द बोलणार नाही. उपाशी राहून जिंकलास तर ती ढाल घेऊन माझ्या ओट्यावर चढू नको.

रागाने लिहिलंय म्हणून माया कमी धरू नये.

तुझी वहिनी,
दुर्गा