माझा भाऊ गॉडविन याला काय मिळणार नाही

मी, ओनोमे ग्रेस अग्बामु, कै. विल्सन अग्बामु यांची पत्नी, निवृत्त सुईण, राहणार एफुरून, वारी शहरालगत, असे लिहून ठेवते की माझे गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. डोक्याचा दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरांनी मला वार आणि महिना विचारला. मी दोन्ही सांगून वर त्यांच्याच आडनावाच्या अक्षरांतून निघणारे इंग्रजी शब्द म्हणून दाखवले. त्यातला एक ऐकून त्यांनी घाईने सही केली. दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहीत आहे. खुशी कमी आणि राग जास्त आहे, पण दडपण कोणाचेही नाही.

१. एफुरून येथील राहते घर, मागची बोअर, जनरेटर आणि आवारातली दोन्ही आंब्याची झाडे माझी एकुलती एक मुलगी एसे हिला मिळावीत. मुलगा नसलेल्या बाईचे घर भावाकडे जाते, असे माझा धाकटा भाऊ गॉडविन इडोलोर चर्चच्या पायऱ्यांवर सांगत असतो. या घराच्या कागदावर विल्सन यांच्या शेजारी माझे नाव आहे. ते वाचायला त्याला चष्मा लागत असेल तर तोही त्याने स्वतःचाच आणावा.

२. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन साधेपणाने करावे. उरेल ते एसेचे.

३. स्क्रॅबलचा फिरता पाट, अक्षरांची पिशवी आणि स्पर्धेचे घड्याळ मुडिया इडोलोर याला द्यावे. मुडिया हा त्याच गॉडविनचा मुलगा. लोकांना नवल वाटेल, म्हणून कारण इथेच लिहिते.

इंग्रजी अक्षरे जुळवून पाटावर शब्द मांडायचा हा खेळ विल्सन तेलशुद्धीकरण कारखान्याच्या क्लबात शिकले आणि त्यांनी मला शिकवला. पुढे मी त्यांना हरवू लागले तेव्हा ते शेजाऱ्यांना बोलावून ते दाखवत. मी स्वयंपाक करत असले की दारात उभे राहून विचारत, "ओनोमे, क्यू आहे आणि यू नाही. काय करशील?"

मी बंगाचे, म्हणजे तेलताडाच्या फळांचे, कालवण ढवळता ढवळता म्हणे, "फकीर. नाहीतर तलाक." इंग्रजीत लिहिताना या दोन्हींत क्यू येतो, यू येत नाही.

"तलाक नको," ते म्हणत, "आधी जेवू दे."

असे आमचे चालत असे. राष्ट्रीय स्पर्धेत मी जिंकले आणि परदेशातल्या जागतिक स्पर्धेसाठी संघात माझी निवड झाली. त्याच सुमारास विल्सन यांचे यकृत गेले. दवाखान्यात शेवटी त्यांना धड बसवत नव्हते, तरी मला म्हणाले, "काळे कपडे घालून जा, पण जा."

ते गेले. रीतीप्रमाणे माझे केस उतरवले आणि मला मागच्या खोलीत बसवले. रीतीबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या सासूबाईंनी स्वतः सांगितले होते की मुलाची इच्छा होती, तर सून दफनानंतर जाईल, परत येऊन उरलेला दुखवटा पाळेल. ज्या बाईचा मुलगा गेला होता तिला हे समजले. माझा भाऊ तेव्हा राज्याच्या स्क्रॅबल खेळाडू संघाचा चिटणीस होता. त्याने बैठकीत सांगितले की ताईने स्वतःहून नाव मागे घेतले आहे, आणि माझ्या जागी त्याच संघात खेळणाऱ्या मुडियाला पाठवले. मला हे रेडिओवरून कळले. बातमी देणाऱ्याने मला शुभेच्छाही दिल्या, लवकर सावरावे म्हणून.

त्या खोलीत पाट नव्हता. मी मनातल्या मनात अक्षरे मांडत बसे. ए, एन, जी, ई, आर, ई, डी. या सात अक्षरांतून 'अँगर्ड' होतो, 'एनरेज्ड' होतो, दोन्हींचा अर्थ संतापलेली. डोके फिरवणे या अर्थाचा 'डिरेंज' होतो. आणि 'ग्रेनेड' होतो. चारही शब्द मी रोज नव्याने शोधल्यासारखे शोधत असे, आणि प्रत्येकाच्या जागी मला गॉडविनचा चेहरा दिसे.

मुडिया सपाटून हरून परतला. विमानतळावरून घरी न जाता बॅगेसकट माझ्या दारी आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, "आत्या, तू नाही म्हणालीस असं बाबांनी सांगितलं होतं. तिथे गेल्यावर सगळे मला विचारत होते, तुझी आत्या का आली नाही. खरं काय आहे?"

मी खरे सांगितले. तो उंबऱ्यावर बसून रडला. मग बापाच्या संघातून त्याने नाव काढून घेतले, ते आजतागायत परत घातलेले नाही. माझी पुन्हा निवड झाली नाही. पण दर रविवारी तो माझ्याशी खेळायला येतो आणि मला कधी मुद्दाम जिंकू देत नाही. पाट त्याचाच.

४. गॉडविन इडोलोर याला काहीही मिळू नये. आंबासुद्धा.

५. हे कलम आज वाढवले. काल गॉडविन पाद्रीबाबांना घेऊन आला. हातात संत्र्यांची पिशवी. म्हणाला, "ताई, आता आपण दोघंच उरलो. माफ करून टाक."

मी म्हटले, "कशाबद्दल, ते सांग."

त्याने पाद्रीबाबांकडे पाहिले. "जे काही झालं असेल ते."

"जे काही नाही. तू काय केलंस ते तुझ्या तोंडाने म्हण."

तो संत्री सोलत बसला. लहानपणी याला मी पाठीवर बांधून शाळेत नेले आहे. शेवटी पाद्रीबाबाच म्हणाले की देवाला सगळे ठाऊक असते. मी म्हटले, देवाला आहे, पण विचारते मी आहे. ते दोघे निघून गेले.

म्हणून स्पष्ट लिहिते. मी गॉडविनला माफ केलेले नाही. माझ्या दफनाच्या वेळी मृत बहिणीने मोठ्या मनाने सर्वांना क्षमा केली, असे पाद्रीबाबांनी किंवा कोणीही बोलू नये. बोलल्यास एसेने उठून हे कलम मोठ्याने वाचावे. माझ्या वतीने माफ करण्याचा अधिकार मी एसेला, मुडियाला किंवा चर्चला दिलेला नाही. तो माझ्याबरोबर पुरून टाकावा.

पुढे कधी गॉडविनला माझ्या कबरीपाशी येऊन आपण काय केले ते स्वतःच्या तोंडाने म्हणावेसे वाटले, तर त्याला कोणी अडवू नये. उत्तर द्यायला मी नसेन. हा विचार त्याने काल करायला हवा होता.

वरील मजकूर माझ्याच हातचा असून वाचून बरोबर आहे.

ठिकाण: एफुरून, डेल्टा राज्य
तारीख: १४ मार्च २०१९
सही: ओनोमे ग्रेस अग्बामु

आमच्यासमोर सही झाली. आम्हा दोघींना या मृत्युपत्रात काही मिळत नाही.

साक्षीदार १: जोलोमी एयिताये, निवृत्त परिचारिका
साक्षीदार २: फेलिशिया ओडिरी उवेरू, वकील. कलम पाच सौम्य करावे असे मी सुचवले होते. बाईंनी नकार दिला.