पुट्टाचं कूळ

२ नोव्हेंबर, रविवार

टाळ्या एका कुत्र्यानं नेल्या!

इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात पाऊण तास बोलले. विषय माझा नेहमीचा — जन्मानं कुणी मोठा होत नाही. लोक अगदी हातात होते. मग आभार मानायला जगन्नाथराव उठले. आमच्याच गल्लीतले, चार घरं सोडून. म्हणाले, "तुंगाबाईंचं सगळं पटलं. फक्त आमच्या रायाला कुणी सांगू नका. तो मुधोळचा आहे." राया म्हणजे त्यांचा शिकारी कुत्रा, वंशाच्या कागदांसकट आलेला. सभागृहात हशा आणि टाळ्यांचा कडकडाट. माझ्या पाऊण तासाला जे मिळालं नाही ते त्या एका वाक्याला!

आणि प्राणेश हसला. माझा नवरा. पहिल्या रांगेत, दात दिसेपर्यंत. घरी दिवसाला दहा शब्द बोलत नाही हा माणूस. आमच्याकडे बोलण्याचं खातं माझ्याकडे, असं मीच सगळ्यांना सांगते.

३ नोव्हेंबर

झोप नाही. डोळ्यांपुढे रायाची ती लांब मान, ते पाय. तो रस्त्यानं चालला की माणसं फोन काढतात. आमचा पुट्टा वरुणा गावच्या दूध डेअरीसमोर सापडलेला — एक कान उभा, एक पडलेला, शेपूट कुणाची तरी उसनी आणल्यासारखी. त्याला बघून लोक कन्नडमध्ये विचारतात, "इदु यार नायी?" कुणाचं कुत्रं हे!

पण छाती खोल आहे त्याची. मुधोळच्या कुत्र्याची असते तशी. आज नीट हात लावून बघितली.

डीएनए तपासणीची पेटी मागवली. प्राणेशला म्हटलं, "सुम्ने, उगाच, कुतूहल म्हणून." खोटं. मला तो निकाल जगन्नाथरावांच्या नाकासमोर धरायचाय. वंशाविरुद्ध जन्मभर बोलणारी मी — वंशावळ मागवतेय! लाज वाटली. तरी मागवली.

८ नोव्हेंबर

पेटी आली. कापसाच्या बोंडाची काडी कुत्र्याच्या गालाच्या आत फिरवायची, पाकिटात घालायची, पाठवायची. सूचना वाचून हसूच आलं. आधी काही खाल्लेलं नसावं. दुसऱ्या कुत्र्याच्या भांड्यात तोंड घातलेलं नसावं. म्हणजे उष्टं! आमच्या सासूबाई उष्ट्याखरकट्याचा जो जाच करायच्या, तो आता प्रयोगशाळेनं सुरू केला. त्या घरात बायकोनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची पद्धत. मी लग्नानंतर माझ्या ताटातली शिकरण प्राणेशला खायला लावली होती. सासूबाईंनी अबोला धरला. प्राणेशनं वाटी चाटून पुसली. अशी मी — आणि कुत्र्याचं उष्टं मानू? शिवाय आमच्याकडे कुत्रं एकच.

पुट्टा आणि प्राणेश नुकतेच फिरून आले होते. प्राणेशला जबडा धरायला सांगितलं.

"आत्ता नको. उद्या सकाळी घे."

"का?"

"सुम्ने."

तरी तेव्हाच लाळ घेतली. पाठवली.

१६ नोव्हेंबर

राया आज फाटकातून माझ्याकडे बघत होता. किती देखणं असावं एखाद्यानं!

२७ नोव्हेंबर

नमुना बाद! त्यात दोन कुत्र्यांची लाळ आहे म्हणे. फोन लावला. पलीकडे एक मुलगी, कन्नडमध्ये, फार गोड आवाजात — दुसऱ्या कुत्र्याबरोबर एका ताटात जेवतो का हो तुमचा? मी तिला सुनावलं, की आमचा पुट्टा माझ्या हातचं सोडून कशाला तोंड लावत नाही. ती बरं म्हणाली, दुसरी काडी पाठवते म्हणाली.

फोन ठेवून वळले तर प्राणेश उगाचच चपला शोधत होता.

"कुणाचं उष्टं खातो हा?"

"रायाचं," म्हणाला. "नाचणीची आंबील. एका ताटात. फिरायला गेलो की. तू भाषणाला जातेस ना, तेव्हाही."

फिरायला म्हणून निघतात ते चार घरांपलीकडे जाऊन थांबतात! विचारलं, तू काय करतोस तिथं? "बसतो."

बसतो! इथं काय मी उभं करून ठेवलंय?

२८ नोव्हेंबर

वरुण्याहून बसमध्ये मांडीवर घेऊन आले मी. गोचिड्या काढल्या मी. आणि शेपूट हलते जगन्नाथरावांच्या ओसरीवर! कुत्रा त्यांचा देखणा, विनोद त्यांचा चालतो, आता आंबीलही त्यांचीच गोड. माणसानं दुसऱ्यासाठी काहीतरी ठेवावं!

पुट्टाला फाटकाबाहेर बंदी.

३ डिसेंबर

संध्याकाळभर पुट्टा फाटकाला नाक लावून. प्राणेश पायरीवर, हातात पेपर, पान उलटत नाही. दोघांची तोंडं सारखी. मी पुट्टाला समोर घेऊन निष्ठेवर बोलले. चांगलं बोलले. त्यानं उभा कानही पाडला.

प्राणेशकडे बघितलं नाही.

५ डिसेंबर

टी. नरसीपूरचं व्याख्यान ऐनवेळी रद्द. अर्ध्या वाटेवरून परत. नवी काडी टेबलावर, पुट्टाला सक्त बंदी — आणि घरात दोघंही नाहीत! पट्टा घेऊन निघाले. जगन्नाथरावांना काय काय सुनवायचं ते चार घरांत जुळवलं.

त्यांच्या फाटकाशी पाय थांबले. आतून आवाज येत होता तो प्राणेशचा. सलग. हातवारे करून बोलत होता! लहानपणी तलकाडच्या वाळूत हरवला होता, त्याची गोष्ट. मला ठाऊकच नाही ती. दोन्ही कुत्री त्याच्या पायाशी. जगन्नाथराव पुढं वाकलेले — "मग? मग काय झालं?"

भिंतीआड झाले. पट्टा मुठीत घट्ट धरला, वाजू नये म्हणून. मलाही ऐकायचं होतं — मग काय झालं.